मुनसफानं विचारलेलं नाव

वारंगा फाट्यावर मकबूल पिंजारी सर्व्हिस मोटारीची वाट बघत बसला होता. त्याच्या मागं तांड्यावरची जिवनबाई शेजारगावच्या भागीरथीला हिंगोलीच्या मुनसफ कोर्टातली हकीकत सांगत होती. एका जहागीरदाराच्या मोटारीनं तिचा बैल ठोकरून मारला होता, अन् भरपाईसाठी तिनं दावा लावला होता.

"जहागीरदाराला खरंच कोर्टात बोलवलं?"

"बोलवलं म्हंजी? माझ्या बराबरीनं उभं केलं!"

"अन् निजामाच्या कोर्टात तर समदं उर्दूत चालतं. तू काय बोललीस?"

"मला कुठली उर्दू! घाबरले, तशी आमची तांड्याची गोरमाटी बोलीच तोंडातून निघाली. कुणाला एक अक्षर समजंना."

"मग हाकललं असंल तुला."

"न्हाई! मुनसफसायब म्हणाले, हिची बोली जाणणारा माणूस आणा. त्यो येईपस्तोर सारी कचेरी थांबून राहिली."

"अन् जहागीरदार?"

"त्यो बी उभाच."

"अगं माय!"

"मग सायबानं इचारलं, बैलाचं नाव काय? जहागीरदाराचा वकील हसला. सायब म्हणाले, हसू नका. लिहून घ्या."

"भरपाई देली का पण?"

"पुरी किंमत द्यायला लावली."

मकबूलला राहवलं नाही. मान वळवून त्यानं विचारलं, "बाई, काय नाव होतं बैलाचं?"

"चांद्या," जिवनबाई म्हणाली. "निकाल वाचला तवा पयलं त्याचंच नाव आलं, भाऊ. जहागीरदाराचं मागून."