निरोप भद्रायनाचा नव्हता

मंडळी, एक विचारतो. देवानं आपल्याजवळ निरोप दिला – आणि तो ऐकून सगळी नगरी चवताळणार असेल – तर सांगायचा, की गिळून टाकायचा? घाईनं माना डोलावू नका! आधी भद्रायनाचं काय झालं ते ऐका.

भद्रायन हा हेमकेतू राजाच्या पदरचा ऋषी. शूर? छे हो! गाईनं शिंग हलवलं की हा कुंपणापलीकडे!

राजानं नवं देऊळ बांधलं. बांधलं कुणी? लढाईत धरून आणलेल्या कैद्यांनी – चाबूक खात! मूर्ती बसवायच्या दिवशी सकाळी भद्रायन ध्यानाला बसला, आणि देव बोलला, "राजाला सांग, हे कैदी आपापल्या घरी जाईपर्यंत मी त्या देवळात पाऊल टाकणार नाही."

भद्रायनाला घाम फुटला. बायकोला, रेणुमतीला म्हणाला, "जरा गोड करून सांगू का? देव थोडा नाराज आहे, एवढंच?"

"देव एवढंच म्हणाला का?"

"नाही गं."

"मग?" तिनं उपरणं त्याच्या हातात दिलं.

गेला! वाटेत दोनदा मागे फिरला, पण गेला. भरल्या मंडपात निरोप सांगितला. शब्द वाढवला नाही, शब्द खाल्ला नाही. मग काय – काल पाया पडणारी माणसं दगड शोधू लागली! "अपशकुनी मेला! सणाच्या दिवशी हे बोलतोस?" राजानं त्याला कोठडीत टाकलं, मूर्ती बसवली, पंगती उठल्या. वीज पडली? नाही. एक चिरा हलला नाही, मंडळी!

पण राजाला त्या देवळात बसवेना. एका दुपारी तो एकटाच कोठडीशी आला. "ऋषिवर, एकदा म्हणा, भास झाला होता. आत्ता सोडतो."

भद्रायन रडत होता हो – घर आठवत होतं! पण म्हणाला, "राजा, शब्द माझे असते तर कधीच मागे घेतले असते."

राजानं वाड्यावर जाऊन हुकूम दिला. आणि कैदी सुटले! भद्रायन? तो नाही सुटला. आपलं चुकलं, हे चारचौघांत कोण कबूल करणार? कैदी त्याच्या खिडकीवरूनच घरी गेले. आत कोण आहे, एकालाही ठाऊक नव्हतं. हा गज धरून बघत राहिला – आणि कितीतरी दिवसांनी हसला.

आता सांगा, यात तुम्ही कोण? भद्रायन व्हायला सगळे तयार, ठाऊक आहे मला! पण घरात कुणी खरं बोललं, की त्याचं म्हणणं आपण गुपचूप मानतो – आणि अबोला त्याच्याशीच धरतो. होय ना? आज घरी गेलात की आधी त्या माणसाशी बोला. देवाचं नाव त्यानंतर घ्या.