राजघाटाच्या पायऱ्या, दुसऱ्यांदा

हे मी घरातसुद्धा कधी सांगितलं नाही. कोणी तापीवरच्या राजघाटाचा विषय काढला की मी उठून जायचो. आता डोळ्यांना कमी दिसतं, म्हटलं सांगून टाकू, तुम्ही लिहा जसंच्या तसं.

मी मूळचा चांदनी गावचा, वडील दुसऱ्यांच्या केळीत राबायचे. मी बुऱ्हाणपूरला आलो, लालबागला खोली घेतली, लग्नांची शूटिंग करायला लागलो. त्या कामात एक सवय लागते, काय सांगू तुम्हाला, काही हुकलं की म्हणायचं, एकदा अजून. नवरा पुन्हा हार घालतो, नवरी पुन्हा लाजते, सगळे हसतात. आमच्या गल्लीतली विमल, तिला मी तीनदा हार घालायला लावला. ती म्हणे, भाऊ, आता तरी नीट घ्या, नाहीतर हा नवरा पळून जाईल.

मग घरोघरी चॅनलं आली आणि मी बातम्यांकडे वळलो. पगार नाही, ओळखपत्र नाही, बातमी लागली तरच चूल. अपघात, आग, बुडालेला माणूस. फोन वाजला की बायको म्हणायची, देवा, कोणाच्या घरी काय झालं, आणि म्हणता म्हणता स्कूटरची किल्ली माझ्या हातात द्यायची.

त्या वर्षी तापी चढलेली. सकाळी राजघाटावर अंघोळीला गेलेला विमलचा नवरा पाय घसरून वाहून गेला. दुपारी लोकांनी त्याला काढला, पायरीवर ठेवला. विमल वरून धावत आली, पडली, उठली, त्याच्यावर जाऊन कोसळली. मी बघतो तर कॅमेऱ्याचा लाल दिवाच नाही. घाईत बटण दोनदा दाबलं गेलेलं, चालू होऊन बंद. आणि चॅनलवाला आठ दिवसांआधीच बोलला होता, अब की बार चूक हुई तो दूसरा आदमी देख लेंगे.

माझ्या तोंडून गेलं, विमल, एकदा अजून. वरून ये.

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. लोकांनी मला ढकललं असतं तरी चाललं असतं. लोक तर बाजूला सरकले, तिला वाट करून दिली. ती उठली, पदर सारखा केला, म्हणाली, कुठून येऊ भाऊ? मी हात करून दाखवलं, तिथून. ती वर गेली, परत धावत आली. या वेळी तिचा आवाज निघाला नाही, नुसतं तोंड उघडं. दिवसभर टीव्हीवर तेच चाललं. माझं काम टिकलं, त्यावर मुलगी शिकली, इंदूरला नोकरीला लागली.

गेल्या महिन्यात विमल माझ्याकडे आली, जिना चढून, धापा टाकत. भाऊ, माझ्या लग्नाची कॅसेट आहे का, नातवाला त्याचे आजोबा चालताना दाखवायचेत, फोटोत ते नुसते उभे आहेत. होती. मी दिली. तिने ती कपाळाला लावली, म्हणाली, देव तुमचं भलं करो. विमल, मला माफ कर, एवढंच म्हणायचं होतं. मी तिच्या मागे दारापर्यंत गेलो, ती जिना उतरायला लागली, आणि माझ्या तोंडून निघालं, सांभाळून जा, पायऱ्या ओल्या आहेत.