दुभाजकावर चढलेला ट्रक

“तुमच्या खात्याला माणसापरीस दुभाजक प्यारा हाय, साहेब!” लायसनच्या खिडकीशी गुंडा ड्रायव्हर तडकला.

“ट्रक दुभाजकावर चढवलास. व्हिडिओ आहे.”

“कुणी काढला?”

“पुढच्या कारवाल्यांनी. जागरूक नागरिक आहेत.”

“आवं, तीच पोराबाळांनी भरल्याली कार डावीकडनं घुसली अन् उंब्रजजवळ पेरू दिसलं म्हणून माझ्यापुढं गपकन थांबली! सांगलीच्या हळदीनं भरल्याला ट्रक जाग्यावर थांबतोय व्हय?”

“अंतर ठेवायचं.”

“ठेवलं हुतं की! त्यातच ती घुसली.”

रांगेतले फौजी अण्णा हसले. “गड्या, त्यास्नी वाटलं, जागा त्यांच्यासाठीच राखलीस.”

“लायसन सहा महिने बंद,” साहेब म्हणाले.

गुंडानं खिडकीचा गज धरला.

“घर कशावर चालवू? अन् पुढच्या खेपेला ट्रक कुणावर घालू, साहेब? दुभाजकावर, का कारमधल्या पोरांवर? बोला की!”