वहिनींच्या मापाचा ओटा

(शेड. प्लंबर आणि त्याची बायको बोट बांधतायत.)

शेजारी : वहिनी, ही बोट पाण्यात उतरली ना, तर धक्क्यावर, सगळ्या गल्लीसमोर अर्धी मिशी उतरवीन!

वहिनी : अर्धीच हं. पुरती काढलीत तर तोंड बरं दिसेल, मग शिक्षा कसली?

शेजारी : आणि हरलात तर वर्षभर माझी गच्ची झाडायची.

वहिनी : लागली पैज.

प्लंबर : अगं, पैजा कसल्या लावतेस! बोटीतल्या ओट्याची उंची सांग आधी.

वहिनी : माझ्या कोपराखाली चार बोटं. आणि कमरेला अडकवायला पट्टा. बोट कलली तरी हातातलं पातेलं कलता कामा नये.

शेजारी : जन्मभर लोकांचे गळके नळ दुरुस्त केले, आता समुद्राला वायसर लावणार!

(दोन वर्षांनी. तीच शेड, तीच बोट.)

शेजारी : आजही नुसता बसलास? डोलकाठीला कोळिष्टकं लागली रे.

प्लंबर : तू जिंकलास. जा, मिशीला तेल लाव.

शेजारी : जिच्याशी पैज लावली तीच गेली. जिंकू कोणाशी?

प्लंबर : सगळं दोघांच्या मापानं केलंय. एकानं सुकाणू धरायचं, एकानं झोपायचं. आता मी झोपू कधी?

शेजारी : ते वाऱ्याचं पातं असतं ना, मागे बसवायचं? वाऱ्याकडे बघून आपणच सुकाणू सांभाळतं म्हणे. तूच तासभर सांगत होतास. मी जांभया देत होतो.

प्लंबर : तिला नको होतं ते. म्हणायची, सगळं त्यानंच केलं तर आपण दोघांनी भांडायचं कशावरून?

शेजारी : आता भांडायला कोण आहे? आणि शिडांचे दोर सगळे मागे सुकाणूपाशी ओढून घे. वारा वाढला की बसल्या जागी शीड लहान करता आलं पाहिजे. एकटा पुढे धावलास आणि पडलास, तर हाक कोणाला मारशील?

प्लंबर : हं. दोरांचं बरोबर आहे.

शेजारी : ओटाही वीतभर उचलू. वाकून वाकून कंबर मोडेल तुझी.

प्लंबर : ओट्याला हात लावायचा नाही.

शेजारी : अरे, पण...

प्लंबर : मोडू दे कंबर.

शेजारी : बरं बाबा. हे तरी घे.

प्लंबर : हे... पातं? कुठून आणलंस?

शेजारी : आणलं. मला हरायचंय रे. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात गेलो होतो, थट्टा करून हसवावं म्हणून. आणि नुसती मोसंबी सोलत बसलो. त्याच म्हणाल्या, "भावजी, मिशी सांभाळा."

प्लंबर : मला बोलली नाही ती.

शेजारी : मीही नाही बोललो.

प्लंबर : ...तो पाना दे इकडे.

(धक्का. बोट पाण्यात डुलते आहे.)

शेजारी : या, या! फुकटचा तमाशा! न्हावीबुवा, डावी बाजू घ्या.

न्हावी : हलू नका. अहो, डोळ्यांत पाणी? कापलं का कुठं?

शेजारी : तुमचा वस्तरा बोथट आहे. चालवा.

प्लंबर : काढून टाक रे पुरती. लोक हसतायत.

शेजारी : अर्धीच ठरली होती. तू परत येईपर्यंत अशीच राहील.

प्लंबर : वेडा आहेस. चल, आत ये. पहिला चहा केलाय.

शेजारी : ओट्यावर? कंबर काय म्हणते?

प्लंबर : वाकावं लागलं.