पेंटरच्या मुलीचं अक्षर

नाही, तुम्हीच सांगा मला, 'क'ला पोट असतं की नसतं? असतं ना? एका बाजूला पोट, दुसऱ्या बाजूला सोंड, मधे दांडा, वर रेघ. हे जगात सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या कन्यारत्नाचा 'क' बघाल तर पोट शेजारच्या अक्षराच्या मांडीवर, सोंड खालच्या ओळीत लोंबतेय आणि वरची रेघ... रेघ नाहीच. विचारलं रेघ कुठंय, तर म्हणते, "शेवटी एकदम मारणार होते बाबा, विसरले." आता मी रागावू नको तर काय करू?

आणि तुम्हाला सांगतो, हे दुसऱ्या कुणाच्या घरात झालं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मी पेंटर माणूस. घरं रंगवणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, 'येथे वाहने उभी करू नयेत'. बावीस वर्षं अक्षरावर भाकरी खातोय. लोक मला रस्त्यात थांबवून सांगतात, काय वळण आहे हो तुमचं. आणि त्याच माणसाच्या पोटी ही दहा वर्षांची मुलगी, जिचं अक्षर बघून आमच्या घरी आलेला पाहुणा विचारतो, "बाळ चित्र छान काढतं हां, हे काय, काटेरी कुंपण का?" निबंध होता तो. 'माझा आवडता प्राणी'.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत बाई काय करतात? तर शाळाच नाही. दुसरीत असताना रोज सकाळी हिच्या पोटात दुखायचं, रविवारी अजिबात नाही. आमची मंडळी इस्पितळात नर्स आहे, तिनं महिनाभर बघितलं आणि निकाल दिला, "अहो, हे पोटाचं दुखणं नाही. घरीच शिकवू या." गणित आणि विज्ञान तिच्याकडे. आणि माझ्याकडे? "तुमचं अक्षर चांगलं आहे, भाषा तुम्ही घ्या." घेतली. आणि खोटं कशाला बोलू, पोरगी हुशार निघाली. काहीही विचारा, उत्तर तयार. पाऊस कसा पडतो, हाडं किती, पृथ्वी कलते का. सगळं तोंडी. तोंडीच राहिलं तिथं घात झाला.

कारण पाचवीची परीक्षा बाहेरून द्यायची होती, लेखी. पोरगी पेपर देऊन नाचत आली, सगळं आलं म्हणाली. महिन्यानं निकाल आला. विज्ञानात शून्य. नापास नाही हो, शून्य. मी तडक परीक्षेच्या कार्यालयात. तिथल्या कारकुनानं गठ्ठ्यातून उत्तरपत्रिका काढली, उभी धरली, आडवी धरली, मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे विचारलं, "ही कोणत्या भाषेत लिहिलीय?" मी म्हटलं, मराठीत. तो म्हणाला, "तसं तुम्ही म्हणताय." मार्जिनमधे तपासणाऱ्यानं लाल शाईत लिहिलं होतं, 'वाचता आले नाही', आणि काय सुंदर अक्षर होतं हो त्या माणसाचं. मी तिथं उभ्या उभ्या आधी त्याच्या 'च'चं कौतुक केलं, मग मला संताप आला. तीन महिन्यांनी फेरपरीक्षा. त्यातही असंच झालं तर सहावी नाही, वर्ष गेलं, आणि सगळे नातेवाईक तोंडं उघडून तयारच होते की, बघा, घरी शिकवायला निघाले होते.

सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, मी म्हटलं नव्हतं? मुलांना शाळाच पाहिजे. चार मुलांत बसलं की हात आपोआप वळतो." मेहुणा आला, वही बघितली, सोफ्यावर रेलून म्हणतो, "दाजी, उगाच डोक्याला ताप. डॉक्टरचं अक्षर असंच असतं. मुलगी डॉक्टर होणार." अरे, डॉक्टर व्हायला आधी पाचवी पास व्हावं लागतं ना? हे त्याला कोण सांगणार? त्याचं स्वतःचं अक्षर मी पाहिलंय, तो काही डॉक्टर झालेला नाही. शेजारचे निवृत्त बँकवाले म्हणाले, "आता लिहितंय कोण हाताने, सगळं टाइप." बरोबर आहे. पण परीक्षेच्या कार्यालयाला कुणी कळवलंय का हे? आता मी रागावू नको तर काय करू?

म्हटलं, बास. चार रेघी वह्या आणल्या डझनभर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोकळी जागा केली, तिला खुर्चीत बसवलं, समोर मी. रोज सकाळी 'अ' शंभर वेळा, 'क' शंभर वेळा, मग दहा ओळींचं शुद्ध, स्वच्छ, सुवाच्य लेखन. पहिली ओळ बरी यायची. दुसरी ओळ चालायला लागायची. तिसरी धावायला लागायची. पाचव्या ओळीत अक्षरं अशी पळत सुटायची की मागे कुत्रं लागलंय. मी म्हणायचो, हळू. ती म्हणायची, "हळूच लिहितेय." मी म्हणायचो, याला हळू म्हणतात? ती म्हणायची, "बाबा, डोक्यात पुढचं वाक्य येऊन उभं राहतं. हात मागे राहतो. मग ते वाक्य निघून जातं." मी म्हटलं, जाऊ दे वाक्य, मला वाक्य नकोय, मला 'क' पाहिजे. बघा, काय बोलून गेलो. तेव्हा नाही कळलं.

पेन्सिल अशी दाबायची की कागदाच्या पलीकडे निघेल. टोकं मोडायची, दिवसाला चार. दहा मिनिटांत हात झटकायला लागायची, दुखतो म्हणायची. मी म्हणायचो, नाटकं. मी शिडीवर आठ आठ तास उभा असतो, माझा हात नाही दुखत. खुर्चीत चुळबुळ, पाय हलतायत, मान वाकडी, जीभ बाहेर. मी ओरडायचो. आतून मंडळी म्हणायची, "अहो, आवाज." मी म्हणायचो, मी ओरडत नाहीये, मी शिकवतोय. सोळाव्या दिवशी मात्र कहर झाला. दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या, विषय तुझा तू घे. बघतो तर सगळं पान भरलेलं, दहाच्या जागी पंचवीस ओळी, रेघा सोडून, समास सोडून, एक अक्षर लागेल तर शपथ. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी ते पान टर्रकन फाडलं, चोळामोळा केला आणि टाकलं केरात. म्हटलं, पुन्हा लिही. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघत बसली आणि मग उठून गेली.

दुसऱ्या दिवशी कामाला निघालो, ब्रशांची पेटी उघडली, तर वर घडी घातलेला कागद. तिचं अक्षर. मला उद्देशून असणार, वर 'बाबा' सारखं काहीतरी दिसत होतं. बाकी काही लागेना. मंडळी सकाळच्या पाळीला गेलेली. पोरीला विचारावं तर ती मावशीकडे खेळायला, आणि विचारणार कोणत्या तोंडानं? कागद खिशात घातला. डोकं भणभणत होतं, म्हणून वाटेत मेडिकलवाल्याकडे गोळी घ्यायला थांबलो. खिशातून पाकीट काढताना कागद बाहेर आला, काउंटरवर उलगडला. आणि तो मेडिकलवाला, तुम्हाला सांगतो, चष्मासुद्धा न लावता, खडाखडा वाचायला लागला.

म्हणजे बघा. तीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचलेला माणूस. त्याला हे सोपं होतं. "बाबा," वाचतो तो, "तुम्ही माझं पान फाडलंत. पण तुम्ही ते वाचलं नव्हतं." मग थांबला. म्हणाला, "जरा घरगुती दिसतंय, पुढचं वाचू का?" मी काही बोलायच्या आत मागच्या रांगेतला खोकल्याचं औषध घ्यायला आलेला गृहस्थ म्हणाला, "वाचा की." मेडिकलवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो आवाज खाली आणून वाचू लागला, "त्यात मी तुमच्यावर लिहिलं होतं. माझे बाबा भिंतीवर लिहितात तेव्हा रस्त्यातले लोक थांबून वाचतात. मी लिहिते तेव्हा बाबा फक्त अक्षर बघतात आणि ओरडतात. मला पण कुणीतरी थांबून वाचावं असं वाटतं. मी पुन्हा ते पान लिहिणार नाही, कारण आता मला आठवत नाही."

खोकल्याचा गृहस्थ खोकायचा थांबला. मेडिकलवाल्यानं कागदाची नीट घडी घातली, गोळी दिली आणि म्हणाला, "अक्षर वाईट नाही हो. घाईत आहे." आता राग कुणावर काढणार? पोरीवर काढावा, तर तिचं खरं होतं. मग उरलो मी. त्या दिवशी एका शिवणयंत्रवाल्याची पाटी लिहायची होती, मला 'श' जमेना.

घरी आलो. पोरीला म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "कुठलं?" म्हणजे यादी होती तिच्याकडे. म्हटलं, पान फाडलं ते. म्हणाली, "बरं." एवढंच. मुलं माफसुद्धा अशी करतात की आपल्यालाच वाटावं, पावती मिळाली नाही.

मग मंडळीनं तिच्या इस्पितळातल्या हातापायांचे व्यायाम घेणाऱ्या बाईंना घरी आणलं. मी वह्या पुढे केल्या. त्या बाईंनी वही उघडलीसुद्धा नाही. टेबलाखाली वाकून बघितलं आणि विचारलं, "हिचे पाय कुठे आहेत?" मी म्हटलं, बाई, पायानं लिहितं का कोणी? त्या म्हणाल्या, "पाय लोंबकळतायत. टेकायला काही नाही म्हणून सगळा जोर बोटांत येतो. पेन्सिल अशी धरलीय जशी कुणी हिसकावणार आहे. हात दुखतो म्हणाली नाही का कधी?" आता काय सांगू? मंडळी माझ्याकडे बघत होती. मी भिंतीकडे. सोळा दिवस घसा फोडून ओरडत होतो आणि दुखणं होतं टेबलाखाली. रंगाचा रिकामा डबा आणून पायांखाली ठेवला. बाईंनी सांगितलं, ओले फडके पिळायचे, कपड्यांचे चिमटे बोटांनी उघडायचे, आणि कागद काही दिवस बंद.

कागद बंद म्हटल्यावर मला सुचलं. मी स्वतः कुठे बसून शिकलो होतो? माझ्या उस्तादांनी मला भिंतीसमोर उभं केलं होतं, खांद्यापासून हात फिरवायला लावला होता. मागच्या गच्चीची सिमेंटची भिंत झाडून घेतली, तिच्या हातात पाण्यात बुडवलेला रुंद ब्रश दिला. पाण्यानं लिही, वाळलं की गेलं. हाताएवढा 'क' काढला तिनं. पोट आलं. सोंड आली. आणि म्हटलं, आता वाक्य लिही, तुला पाहिजे ते. तिनं लिहिलं, मी मागे उभा राहून शेवटपर्यंत वाचलं आणि मगच बोललो. काय लिहिलं होतं? 'बाबा आज ओरडले नाहीत, बहुतेक आजारी आहेत.' आता मी रागावू नको तर... पण वाचता आलं ना.

मग भिंतीवरून दगडी पाटी, पाटीवरून मोठा कागद, मोठ्या कागदावरून वही. डोक्यातलं वाक्य पळू नये म्हणून आधी ते मला सांगायचं, मी धरून ठेवायचं, मग तिनं लिहायचं. अडीच महिने मी तिची वाक्यं धरून ठेवणारा माणूस झालो होतो. पेंट घ्यायला गेलो तरी तोंडात 'वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात'. एक दोनदा ओरडलोही, खोटं नाही बोलणार. पण फेरपरीक्षा झाली आणि निकाल आला, ऐंशीपैकी एकाहत्तर. त्याच कारकुनानं उत्तरपत्रिका दाखवली. म्हणाला, "हां, ही मराठी आहे." सासूबाई म्हणाल्या, शाळेत असती तर ऐंशी मिळाले असते. असो.

अक्षर काही मोत्यासारखं नाही झालं. पण स्वच्छ, उभं, रेघ जागेवर. आणि इथं माझं नशीब फिरलं. परवा तिनं एक नवी वही माझ्या पुढ्यात ठेवली. पहिल्या पानावर शीर्षक, खाली दुहेरी रेघ: 'बाबांच्या पाट्यांतल्या चुका'. पत्त्यांसकट. दवाखान्यावर 'रूग्णालय', 'रु' ऱ्हस्व पाहिजे. डेअरीवर 'दुध', 'दू' दीर्घ. सभागृहात 'सुचना', तिथंही दीर्घ. एकूण सदतीस. आणि मोठ्या रस्त्यावरचं 'उपहारगृह'. "बाबा, उपहार म्हणजे भेटवस्तू. उपाहार पाहिजे. लोक तिथं बारा वर्षं भेटवस्तू खातायत." मी म्हटलं, हे तुला आधीपासून माहीत होतं? म्हणाली, "कधीचंच. लिहून दिलं होतं दोनदा. तुम्ही म्हणालात, आधी अक्षर सुधार."

एक शब्द असा नव्हता की मला लागला नाही म्हणावं.

तर काल सकाळी शिडी खांद्यावर टाकली आणि गेलो उपाहारगृहावर. मालक बाहेर आला, म्हणाला, "काय हो, काय झालं?" म्हटलं, एक काना राहिला होता. तो म्हणाला, "बारा वर्षं कुणाला दिसला नाही, आणि आज कसा काय दिसला?" शिडी चढता चढता सांगितलं त्याला, काय करणार, मुलीचं अक्षर सुधारलं.