पुढच्या काचेवरचा अंगठा

— नाही नाही, तिथे नका टेकू ताई, त्या खुर्चीवर छप्पर सुकतंय. ते पिवळं, काडेपेटीएवढं दिसतंय ना, ते दुसऱ्या एका गाडीचं छप्पर — सकाळीच शेवटचा हात दिलाय, ओलं आहे अजून. तुम्ही असं करा, या पेटीवर बसा. पेटी भक्कम आहे. आत नुसती चाकं आहेत — चारशे तरी असतील — एवढी चाकं असलेल्या माणसाला खरं तर एव्हाना कुठेतरी पोचायला हवं होतं, पण आमची धाव या खोलीपुढे नाही. तुमची गाडी? तयार आहे की. ही काय, या डब्यात. दाखवतो, दाखवणारच, त्यासाठीच तर बोलावलं तुम्हाला. जरा दम खा, तीन जिने चढून आलात.

तर मी काय सांगत होतो — हां, माझा मूळ धंदा. मूळ धंदा दातांचा. म्हणजे डॉक्टर नव्हे हो, डॉक्टर दात काढतो, मी बनवायचो. कवळ्या. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात माझं काम फिरत होतं. म्हणून ही हत्यारं बघा — ही आकडी, ही सुई, हा एवढासा ब्रश — सगळी दातांची. आमची मंडळी म्हणते, तुम्ही गाड्यांच्याही कवळ्याच बसवता. खोटं नाही ते. तिनं मला ‘गॅरेजवाले’ असं नाव ठेवलंय. कोणी आलं की सांगते, आमच्या गॅरेजवाल्यांकडे एकशे बारा गाड्या आहेत आणि बाजारात आम्ही चालत जातो. कारण चालवता येत नाही मला. मोटार, खरी. तीनदा परीक्षा दिली. तिसऱ्यांदा तर गाडीत बसल्या बसल्या त्या साहेबांना म्हटलं, तुमचं डावं चाक अर्धा केस आत झुकलंय, बघून घ्या. ते म्हणाले, उतरा. संपलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे — माझं सगळं आयुष्य असंच गेलं, दिसली चूक की काढ बाहेर.

थांबा — वाजलं ना दार? दोनदा टकटक? चहा आला. नाही, ती आत येणार नाही, माझी मुलगी आहे, चार दिवसांसाठी आलीय माहेरी. बाहेर स्टुलावर कप ठेवते, दोनदा वाजवते नि जाते. तेवढं जरा घेता का आत, माझे हात चिकट आहेत. — दोन ठेवलेत? ठेवणारच, शहाणी आहे ती, माणूस आलेलं कळलं तिला. घ्या, गरम आहे तोवर घ्या.

कडी? हो, वरच आहे ती. सगळेच विचारतात, एवढ्या उंचावर बाहेरून कडी कशाला. गंमत आहे तिची. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. मी एक गाडी केली होती, गडद निळी — रंगाचे अकरा हात दिले होते, अकरा, प्रत्येक हात सुकवायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा, दीड महिना चालला होता तो कारभार. अकरावा हात दिला नि मी हात धुवायला गेलो. परत येतो तर ही उभी. आणि बॉनेटवर पाची बोटं. जरा मोठ्या मापाची गाडी ती, तरी बॉनेट केवढं, हिचा पंजा केवढा, पण बसवला होता बरोबर मधोमध. आता दुसरा बाप असता तर? दिली असती एक ठेवून. मी काही केलं नाही. आवाजसुद्धा चढवला नाही — विचारा आमच्या मंडळींना. मी फक्त बारीक सँडपेपर घेतला, पाण्यात बुडवला आणि तिच्यासमोर बसून सगळं घासून काढलं. सगळे अकरा हात. संध्याकाळभर. ती शेवटपर्यंत उभी होती बरं का. आणि शेवटी विचारलं काय, माझा हात गेला का बाबा? म्हटलं, गेला, आता काही दिसत नाही बघ. — समजूत काढत होतो हो मी. दुसऱ्या दिवशी कडी बसवून घेतली, तिचा हात पोचू नये अशी. आता ती माझ्याहून दोन बोटं उंच आहे, कडी वर्षानुवर्षं लावलेली नाही, पण सवय बघा कशी असते — स्टुलावर ठेवते नि जाते. मी लोकांना सांगतो, मुलीला शिस्त लागली ती एका शब्दाविना.

बरं. गाडी. उघडतो. पण आधी तुम्ही आणलीत तेव्हा काय अवस्था होती ते ध्यानात घ्या, नाहीतर काम केलेलं कळायचं नाही. मागचं एक चाक नाही. आरसा एकच. छप्पर पिवळं पडलेलं — पांढऱ्याचं पिवळं. बॉनेटखाली कोळ्याचा बंगला. आणि तुमचे वडील — राग नका मानू, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये — पण हौशी होते. मोठे हौशी. मागची नंबरपाटी उलटी लावलेली. डाव्या दाराची मूठ उजव्या दाराला. कडेची चंदेरी पट्टी अशी गेलीय की जशी काही गाडी जिना उतरत होती. एका बैठकीत केलेली गाडी ती, रविवारची, मला कळतं ना. मी आपली यादी केली. एकतीस चुका. एकतीसच्या एकतीस काढल्या. हे घ्या.

कशी वाटते? — धरा की, हातात धरा, आता काही पडत नाही तिचं. चाक मी घडवलं बरं का, बाकीच्या तिन्हींवरून साचा घेऊन, तुम्हाला ओळखून दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाही. पट्टी बघा, सरळ. पाटी सुलटी. दारं उघडतात, पूर्वी उघडत नव्हती. काच? हो, काच बघताय. आहे ना. तुम्ही फोनवर म्हणाला होतात तसा ठेवलाय — पुढच्या काचेवरचा अंगठा. कोपऱ्यात, खाली, डाव्या अंगाला. काच म्हणजे प्लास्टिकच हो, गोंद लागलेल्या हातानं धरली की ती वितळते जरा नि ठसा कायमचा बसतो, नवशिक्याची खूणच ती. पण तुम्ही म्हणालात, तेवढा डाग राहू द्या, म्हणून राहू दिला. तोच आहे. अगदी तोच.

उजेडात कशाला नेताय? हा दिवा आहे की. — नाही, न्या, खिडकीत न्या, माझं काय. तोच आहे म्हणतो ना. काम झालं की वस्तू जरा वेगळी दिसते, आजूबाजूचं स्वच्छ झालं की डाग ठळक वाटतो, आमच्या धंद्यात एक दात पांढरा केला की शेजारचा काळा दिसतो, तसं. मी त्याला हातसुद्धा लावला नाही. म्हणजे धूळ पुसली. म्हणजे — असं बघू नका हो ताई.

बरं, बसा. बसा म्हणतो. सांगतो.

तुमचा फोन आला आठव्या दिवशी. मी काच केली होती सहाव्या दिवशी. आधी बारीक सँडपेपर, मग त्याहून बारीक, मग टूथपेस्ट — हो, साधी दाताची, मऊ फडक्यावर घेऊन गोल गोल, काच अशी निघते की काच आहे हेच कळू नये. यादीतली सतरावी चूक. तिच्यापुढे टिकमार्क करून मी मंडळींना हाक मारली, म्हटलं बघ, ठसा होता इथे, सांगून खरं वाटेल? ती म्हणाली, कुणाचा होता? म्हटलं कुणाचा म्हणजे, करणाऱ्याचा. मग दोन दिवसांनी तुमचा फोन. तुम्ही म्हणालात, बाकी काहीही करा, काचेवरचा डाग तेवढा ठेवा. आणि मी काय म्हणालो? ‘हो हो, अर्थात.’ उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याच वेळी सांगून मोकळा झालो असतो तर दोन शिव्या खाल्ल्या असत्या. पण नाही. मला वाटलं, चौतीस वर्षं मी माणसांना खोटे दात खरे म्हणून दिले, एक ठसा नाही देता येणार?

नाही देता येत. ऐका मजा. कामाआधी मी फोटो काढून ठेवतो, त्यामुळे ठसा कसा होता, कुठे होता, सगळं समोर. केकच्या डब्यांची झाकणं आणली, त्यातून काचा कापल्या सरावाला. अंगठ्याला गोंद लावला, दाबला — झाला पापडाएवढा. हा माझा अंगठा बघा, कवळ्या दाबून दाबून पसरलाय. तुमच्या वडिलांचा ठसा एवढासा, मुगाच्या डाळीहून जरा मोठा — म्हटलं माणूस नाजूक बांध्याचा असणार, घड्याळजी वगैरे. मग मंडळींचा अंगठा घेतला. तिनं दिला बिचारीनं, पण हसता हसता हलवला. मग तर्जनी करून पाहिली. चौदा काचा गेल्या. जन्मभर काचेला बोट लागू नये म्हणून श्वास धरून बसलेला माणूस मी, आणि आता मुद्दाम लावायचं तर बोट लागेना. लागलं तर सुबक लागायचं. चुकणं जमेना हो मला, मुद्दाम चुकायचं म्हटलं तरी नीटच चुकतोय. शेवटी ही — ही करंगळी. टोकानं, जरा तिरकी. आपल्या मूळ काचेवर उमटवली, फोटोशी ताडून पाहिली आणि स्वतःशीच म्हटलं, वा. झाकली मूठ. आणि तुम्ही एका नजरेत ओळखलीत.

तर तो तुमच्या वडिलांचा अंगठा नाही. माझी करंगळी आहे. वडिलांचा मी घालवला, टूथपेस्टनं. आता बोला काय बोलायचं ते.

— काय म्हणालात? मला नीट ऐकू आलं नाही. वडिलांचा नव्हताच?

तुमचा?

किती वर्षांच्या होतात? — पाच. हां. म्हणून एवढासा. आणि मी घड्याळजी म्हणतोय. म्हणजे ते गाडी जोडत होते आणि तुम्ही शेजारी. टेबलाशी? मांडीवर? मांडीवर. बरं. आणि काच तुम्ही धरली. धरायला त्यांनीच दिली? ओला गोंद लावलेली काच पाच वर्षांच्या मुलीच्या हातात — आणि मग? ठसा उमटलेला पाहून काय म्हणाले ते? — काहीच नाही कसं, काहीतरी म्हणाले असतील. — लोकांना दाखवायचे? येईल त्याला? काय म्हणून? ‘ही आमच्या मिस्तरीची सही.’

मग पाटीही तुम्हीच लावली असणार. उलटी. आणि ती पट्टी. आणि दाराची मूठ. एकतीस चुका मोजल्या मी, पेन्सिलीनं, नंबर घालून, आणि करणारा अडाणी म्हणून हसलो. अहो, त्यांना येत होतं सगळं. छपराच्या आतली जोडणी बघितली होती मी, केसाची फट नव्हती कुठे. मला तेव्हाच कोडं पडलं होतं, ज्याला हे जमतं त्याला पट्टी सरळ का जमू नये. त्यांना जमत होती. त्यांनी मुलीला करू दिली, आणि नंतर तिच्या पाठीमागेही सुधारली नाही. आयुष्यभर नाही सुधारली. आणि मी तीन आठवड्यांत—

थांबा, सुधारतो म्हणायला लागलो होतो. बघा, खोड जात नाही. मी काय म्हणतो, करंगळी घासून काढतो, पाच मिनिटांचं काम, आणि तुम्ही स्वतः तुमचा अंगठा — आता मोठा झाला असला तरी अंगठा तोच ना, रेषा त्याच. — नको? राहू दे म्हणता? माझी करंगळी घेऊन जाणार घरी? आणि कोणी विचारलं तर काय सांगाल? — हसा. हसा, हक्क आहे तुमचा. ‘दुसऱ्या मिस्तरीची.’ हे तुम्ही चांगुलपणानं म्हणताय ते कळतं मला. मला फार वाईट वाटतंय ताई. तुमच्या गाडीचं वाटतंच आहे. पण नुसतं तिचंच नाही.

डबा घट्ट धरा, जिन्यात तिसरी पायरी आखूड आहे. कप राहू द्या, राहू द्या तिथेच. आणि एक काम कराल जाता जाता? बाहेरच्या खोलीत मुलगी असेल. तिला सांगा, बाबांना आणखी एक चहा हवाय म्हणावं. स्टुलावर नको, आत आणून दे म्हणावं. ती विचारेल, आत काही सुकतंय का. हो म्हणून सांगा. छप्पर ओलं आहे म्हणावं, पिवळं, खुर्चीवर ठेवलंय — तरी ये.

जा. दार लोटू नका.