सकीनासाठी शिंपले

फ्रान्स मी पाहिलाय, पण कुणाला फारसं सांगत नाही. कुवेतला शुवैख बंदरावरच्या एका इंग्रज साहेबाची गाडी मी चालवायचो. एका नाताळच्या सुट्टीत तो मलाही कुटुंबासोबत घेऊन गेला. तिथं समुद्राकाठानं जाताना त्याच्या छोट्या मुलीनं मागून विचारलं, "हसन, तुला मुलगी आहे?"

"आहे. रत्नागिरीला. तुझ्याएवढीच."

"मग तिला का नाही आणलंस?"

मेमसाहेबांनी तिला गप्प केलं.

कुवेतला परतलो, तर भावाचं पत्र आलेलं. माझी सकीना तापानं गेली होती.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना त्या पोरीनं फ्रान्सच्या किनाऱ्यावर वेचलेले शिंपले माझ्या हातात दिले. म्हणाली, "तुझ्या मुलीला पाठव."

खरं सांगायला माझी जीभ रेटेना. "थँक्यू, बेबी" म्हटलं आणि गाडी सुरू केली.